समोर माणूस आहे

"मावशी, हलू नका बरं," बांधावरून प्रज्वल ओरडला.

सिंधूताई हलणार नव्हतीच. पऱ्हाटीच्या, म्हणजे कपाशीच्या, दोन ओळींच्या मधे, ओल्या काळ्या मातीवर पोतं अंथरून ती बसली होती आणि फवारणीचं मशीन तिच्याच दिशेनं येत होतं. वर कोणी बसलेलं नव्हतं. बसायला जागाच नव्हती. मोटारीची गुणगुण आणि पानं घासल्याची सळसळ जवळ येत गेली तसा तिनं नेहमीप्रमाणे श्वास धरला. मशीनचा वेग कमी झाला, मग आणखी कमी, आणि मधे एक बैलजोडी मावेल एवढं अंतर ठेवून ते उभं राहिलं. प्रज्वलच्या हातातल्या टॅबवर आता लाल अक्षरं आली असणार: समोर माणूस आहे.

"उठा," तो म्हणाला. "सकाळची पाळी झाली. आता पाहुण्यांसमोर एकदा बसा, की सुटलो."

ती उठली, पोतं झटकलं. हे तिचं काम होतं. पुण्याच्या एका कंपनीनं हे मशीन अमडापूरच्या भगवानरावांच्या शेतात चाचणीला आणलं होतं आणि चाचणीला समोर जिवंत माणूस लागतो. उभा माणूस, वाकून निंदणारा माणूस, बसलेला माणूस. पऱ्हाटीत बसलेलं माणूस साध्या डोळ्यालाही दिसत नाही, म्हणून कंपनीचा सगळा जोर बसण्यावर. "तुले तथी काय काम असते वं सिंधू?" असं बाया विचारायच्या आणि ती सांगायची, "बसाचं." बाया हसून बेजार व्हायच्या. जन्मभर दुसऱ्याच्या वावरात निंदताना, कापूस वेचताना जरा टेकली की कोणीतरी खेकसायचं, आणि आता बसण्याचीच मजुरी मिळत होती. तिला स्वतःलाही कधीकधी हसू यायचं.

मागच्या साली आलेल्या मशीनच्या डोक्यावर एक डबा गरगर फिरायचा. हेच त्याचे डोळे, हे शेंबड्या पोरालाही कळत होतं. पण त्या फिरत्या भागात धूळ जायची, चिखल जायचा, डबा अडकायचा आणि मशीन जागच्या जागी आंधळं व्हायचं. यंदाच्या मशीनला फिरणारं काहीच नव्हतं. पुढच्या बाजूला मधोमध वीतभर काळी काच आणि दोन्ही कुशींना दोन लहान काचा, एवढंच. काचेआडून लेझरचा न दिसणारा उजेड समोर फेकला जायचा, तो आपटून परत यायचा, आणि परत यायला किती वेळ लागला त्यावरून समोर काय आहे, किती लांब आहे ते मशीन ताडायचं. आत काही हलत नाही, म्हणून काही अडकतही नाही. प्रज्वलनं हे तिला पहिल्याच दिवशी समजावलं होतं. ती काच रोज सकाळी पुसायची, आधी साबणाच्या पाण्यानं, मग कोरड्या मऊ फडक्यानं, हेही काम त्यानं तिच्याकडेच दिलं होतं. सिंधूताई ते मनापासून करायची.

त्याला कारण होतं. तिचा नवरा देवानंद पाठीवर पंप घेऊन लोकांच्या पऱ्हाट्या फवारायचा. एका दुपारी वारा फिरला आणि सगळं औषध अंगावर आलं. हातातली पाळी संपवून तो ओल्या सदऱ्यानं घरी आला आणि "मले दिसून नाही राह्यलं" एवढंच म्हणाला. बुलढाण्याच्या दवाखान्यातून तो परत आला नाही. आता तसाच पंप तिच्या एकुलत्या एका पोराच्या, नागसेनच्या, पाठीवर होता. फरक इतकाच, की हा बॅटरीवर चालायचा. औषध तेच होतं. नागसेन फवारून आला की ती आधी त्याच्या डोळ्यांकडे बघायची, मग भाकर वाढायची.

भगवानरावांनी तिला शब्द दिला होता. पाहुण्यांना मशीन पटलं, त्यांनी भाड्यानं बोलवायचं कबूल केलं, की भगवानराव ते कंपनीकडून घेणार आणि नागसेनला त्याच्यावर ठेवणार. हातात टॅब, उभा बांधावर, औषधापासून लांब. सिंधूताईला जगात दुसरं काही नको होतं. यासाठी ती रोज मशीनसमोर बसत होती आणि गरज पडली असती तर झोपलीही असती.

आज ते ठरायचं होतं. चिखलीकडचे, धामणगाव बढेकडचे बागायतदार जीपा करून आले होते. बांधाजवळ मंडप होता, खुर्च्या होत्या, चहाचं पातेलं उकळत होतं. मशीनच्या टाकीत औषधाऐवजी साधं पाणी भरलं होतं, कारण पाहुण्यांना खोकला नको. सगळं बघून ठेवलं होतं. फक्त उद्या पोळा आहे, ही गोष्ट कंपनीच्या हिशोबात नव्हती.

पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलांचे खांदे शेकतात. वर्षभर जू ओढून दुखावलेल्या खांद्यांना हळद आणि तूप चोळायचं आणि उद्याच्या जेवणाचं आवतण द्यायचं. भगवानरावांच्या गोठ्यात यंदा पहिल्यांदाच बैल नव्हते. शेवटची जोडी उन्हाळ्यात विकली होती. त्या दिवसापासून त्यांची म्हातारी आई, रुक्मिणीबाई, गोठ्याकडे तोंड करून बसत नव्हती. आज मात्र ती हातात ताट घेऊन, काठी टेकत मंडपात आली. ताटात तुपात कालवलेली हळद, कुंकू आणि पळसाची पानं होती.

"माय, हे काय आनलं?" भगवानरावांनी विचारलं.

"जे राबते त्याचे खांदे शेका लागतात," म्हातारी म्हणाली. "आता हेच राबते ना?"

पाहुणे कौतुकानं हसले. कोणीतरी मोबाइल काढला. रुक्मिणीबाईंनी मशीनला एक चक्कर मारली, हातानं चाचपलं, पण खांदा म्हणावा असं काही तिला सापडेना. मग ती समोर आली. मधोमध ती काळी, गुळगुळीत काच होती, वर थोडं पुढं आलेलं झाकण. म्हातारीला ते कपाळ वाटलं. कोणालाही वाटलं असतं. तिनं दोन्ही हातांनी हळदतूप काचभर चोळलं, वर कुंकवाचा मळवट भरला, आणि कानात सांगावं तसं वाकून म्हणाली, "आज आवतन घे बाबा, उद्या जेवाले ये." तिचे डोळे भरून आले होते.

बाजूला उभ्या असलेल्या सिंधूताईचा हात कमरेला खोचलेल्या फडक्याकडे गेला. तिनं प्रज्वलकडे पाहिलं. त्याचा चेहरा उतरला होता.

त्यानं टॅबवर बोट दाबलं. मशीन हललं नाही. परत दाबलं. 'समोरची काच झाकली आहे' अशी अक्षरं आली आणि तिथेच थांबली. पाहुणे खुर्च्या पुढे ओढून बसले होते. भगवानराव हळूच जवळ आले.

"काऊन रे, काय झालं?"

"काच पुसावी लागेल भाऊ. त्याला दिसतच नाहीये."

"मायनं आत्ता लावलं ते पुसाचं?" भगवानरावांचा आवाज खाली गेला, पण कडक झाला. "तिच्या डोयासमोर? खांदशेकणीच्या दिवशी? वेडा झाला काय?"

प्रज्वल धामणगाव बढेचाच होता. पुण्यात शिकला म्हणून काय झालं, त्याच्याही घरी आजी होती आणि ताज्या पूजेचं कुंकू पुसणं म्हणजे काय हे त्याला कोणी सांगायची गरज नव्हती. तो टॅबकडे बघत राहिला. मग म्हणाला, "काचेची तपासणी बंद करून चालवता येतं तसं. बाजूच्या काचांना थोडं पुढचं दिसतं. आणि थांबवायचं बटण माझ्या हातात आहेच."

"मंग कर ना तसं."

प्रज्वल सिंधूताईकडे आला. तिच्या डोळ्यांकडे न बघता म्हणाला, "मावशी, रोजच्याच जागी बसा, बांधाजवळ. मला दिसाल अशा."

"मी तुमाले दिसन हो दादा. पण मशीनले दिसन काय?"

"बाजूच्या काचा आहेत ना. दिसाल. बहुतेक."

"बहुतेक," सिंधूताई म्हणाली.

ती नाही म्हणू शकली असती. कोणी ओढून नेत नव्हतं. पण मंडपात एवढी माणसं होती, जीपा होत्या, चहा होता, आणि पलीकडच्या शिवारात या क्षणी नागसेन तोंडाला रुमाल बांधून फवारत होता. तिनं पोतं उचललं आणि ओळीत शिरली.

ती पोत्यावर बसली. रोज भीती वाटायची ती सवयीची होती. आजची वेगळी होती. मशीन वळलं, ओळीत शिरलं. पानांच्या वरून ते पिवळं लालभडक तोंड दिसत होतं, सजवलेलं, आनंदी. मोटारीची गुणगुण वाढत गेली. मधे एक मोडक्या शेंड्याचं झाड होतं. रोज तिथं आलं की मशीन सावकाश व्हायचं. आज ते तिथं आलं आणि तसंच पुढं निघालं.

हलायचं नाही, हा नियम होता. समोरचं माणूस हललं तर चाचणी वाया जाते. सिंधूताईनं दात आवळले. बाजूच्या काचांना दिसेल, दादाच्या हातात बटण आहे, आता थांबेल, आता. झाडांचे शेंडे तिच्याकडे वाकायला लागले. पाण्याचे तुषार तोंडावर आले आणि तिला अंगावर ओला सदरा घेऊन दारात उभा असलेला देवानंद दिसला.

तिनं स्वतःला डाव्या ओळीत झोकून दिलं. पऱ्हाटी कडाकडा मोडली. मशीनचं चाक पोत्यावरून गेलं आणि मग, पुढे जाऊन, थांबलं. प्रज्वलनं बटण दाबलं होतं. पण ओल्या मातीत बटण दाबल्या दाबल्या मशीन थोडंच उभं राहतं?

मंडपात सगळे उठून उभे राहिले. मग चिखलीकडचा एक पाहुणा म्हणाला, "बाई उठली काऊन? थांबलंच असतं ना ते."

"हाव ना," भगवानरावांनी तोच धागा लगेच धरला. "सिंधू, तू काऊन हालली वं? थांबतच होतं. सारा खेळ बिघडवला."

सिंधूताई मोडलेल्या पऱ्हाटीतून उठली. कोपर सोलवटलं होतं, लुगडं चिखलानं भरलं होतं. तिनं पोत्याकडे पाहिलं. चाकानं ते मातीत दाबून टाकलं होतं, नेमकं मधोमध. तिला रडू आलं नाही. राग आला.

ती मशीनच्या पुढे आली आणि कमरेला खोचलेलं फडकं काढलं.

"ए, ए सिंधू," भगवानराव ओरडले. "हात नको लावू."

"मावशी." प्रज्वल धावत आला होता. त्याच्या हातात साबणाच्या पाण्याची बाटली होती. त्यानं ती तिच्यापुढं धरली आणि मान खाली घालून उभा राहिला.

सिंधूताई पुसायला लागली. तूप लवकर निघत नाही. आधी कुंकू आणि हळद एकमेकांत मिसळून काचभर पसरलं, मग हळूहळू कडेला सरकलं. ती रोजच्यासारखंच पुसत होती, घाई न करता, कोपऱ्यातून मधे. मंडपात कुजबुज सुरू झाली. विधवेच्या हातानं, असं कोणीतरी म्हणालं. कोणत्या वस्तीतली आहे, असं दुसऱ्यानं विचारलं आणि तिसऱ्यानं सांगितलं. मग विचारणारा "हां" म्हणाला, जणू सगळं समजलं. रुक्मिणीबाईंनी तोंड फिरवलं होतं.

भगवानरावांच्या मानेची शीर तट्ट फुगली. "तुमच्या लोकायले आमचं कुकू खुपतेच ना," ते म्हणाले. सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले.

"कुकू नाही खुपत भाऊ," सिंधूताई पुसता पुसता म्हणाली. "मले मराचं नाही."

कोरड्या फडक्यानं तिनं शेवटचा हात फिरवला. काच काळीभोर झाली. तिनं मशीन आधी ओळीच्या सुरुवातीला न्यायला लावलं, मग चिखलातून पोतं उपसलं, त्याच जागी अंथरलं आणि मांडी घालून बसली.

"आना आता," ती म्हणाली.

प्रज्वलनं तपासणी परत सुरू केली आणि ओळीच्या सुरुवातीहून मशीन सोडलं. या वेळी मंडपात कोणी खुर्चीवर बसलं नव्हतं. मोडक्या शेंड्याच्या झाडाशी आल्यावर मशीन सावकाश झालं. मग आणखी सावकाश. आणि तिच्यापासून रोजच्याच अंतरावर, अजिबात न लटपटता उभं राहिलं.

पाहुण्यांना ते पटलं. आंधळं असताना काय झालं आणि दिसत असताना काय झालं, दोन्ही त्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं. याहून चांगली चाचणी कंपनीला ठरवूनही जमली नसती. ते बांधावर उतरले, फोटो काढायला लागले, कोण आधी बोलावणार यावरून त्यांच्यात थट्टा सुरू झाली. धामणगावचा एक जण म्हणाला, "आता पुरी ओळ मारून दाखवा बुवा."

भगवानराव हसत होते, हात जोडत होते. पण प्रज्वलजवळ येऊन त्यांनी जे सांगितलं ते सिंधूताईला पऱ्हाटीतून स्वच्छ ऐकू आलं. "उद्यापासून ही बाई मले वावरात नको. तिचं पोट्टंही नको. मशीनवर दुसरा कोणी पाहू."

"भाऊ, नागसेनला तर शब्द..."

"मनलं ना, नको. आता चालू कर, पाव्हणे थांबले."

सिंधूताई उठली नाही.

"सिंधू, उठ वं," भगवानरावांनी हाक मारली. "झालं आता काम."

तिनं मान वर केली नाही. पोत्याच्या कडेला गवत उगवलं होतं, ते ती उपटायला लागली. मशीन समोर गुणगुणत उभं होतं.

"चालू कर बे," भगवानराव प्रज्वलवर खेकसले.

"समोर माणूस आहे," प्रज्वल म्हणाला.

"मंग मघाशी केलं होतं ना काय ते. तपासणी बंद कर."

"आता नाही होत." प्रज्वलनं टॅब छातीशी धरला. त्याचे कान लाल झाले होते. "नाही करणार मी."

पाहुणे हळूहळू गप्प झाले. काय चाललंय ते त्यांना कळायला लागलं होतं, आणि दुसऱ्याच्या वावरात अशा वेळी कुठं बघावं हे माणसाला समजत नाही. तेवढ्यात मंडपातून म्हातारीचा आवाज आला.

"मशीनचे डोये होते काय रे तथी? मी हात फिरवला तथी?" रुक्मिणीबाई कोणालाच उद्देशून विचारत नव्हती. "मले कोनीच नाही सांगतलं. बैलाच्या डोयात कोनी हयद घालते काय?"

भगवानरावांनी धोतराचा सोगा उचलला आणि ओळीत उतरले. इतक्या वर्षांत मजुराकडे ते चालत गेल्याचं कोणी पाहिलं नव्हतं. मजूर त्यांच्याकडे यायचे. सिंधूताईनं त्यांची पावलं ऐकली. ते अगदी जवळ आल्यावर तिनं पोत्यावरून थोडं बाजूला सरकून जागा केली.

"बसा भाऊ," ती म्हणाली.

भगवानरावांनी मशीनकडे पाहिलं. काळी काच त्यांच्याकडे रोखलेली होती. ते बसले नाहीत. नकळत दोन पावलं मागे झाले आणि सिंधूताईच्या पाठीमागं जाऊन उभे राहिले.

"काय पाहिजे तुले?" त्यांनी हळू आवाजात विचारलं.

"मले काय पाहिजे ते तुमाले मालूम हाये. तुमीच बोलले होते."

"सारे पाहून राह्यले. उठ ना वं."

"पाहू द्या."

वारा आला, पानं हलली. पलीकडच्या शिवारातून औषधाचा वास येत होता. भगवानरावांनी मंडपाकडे पाहिलं, आईकडे पाहिलं. म्हातारी अजून स्वतःच्या पिवळ्या हातांकडे बघत बसली होती.

"धाड पोराले उद्या," ते शेवटी म्हणाले. "मशीनवर राहीन तो. पण तू येऊ नको सिंधू. मायच्या समोर तू मले नको."

सिंधूताईनं हातातलं गवत बाजूला टाकलं. हे काम तिला आवडलं होतं, हे तिच्या आत्ता लक्षात आलं. रोज सकाळची ती काच, तो श्वास धरणं, समोरचं एवढं मोठं धूड आपल्याला बघून थांबतं हे बघणं. आता उद्यापासून परत वाकायचं, कोणाच्या तरी वावरात.

"इतक्या लोकायसमोर बोला," ती म्हणाली. "पोराचं."

भगवानराव वळले. मग मंडपाकडे तोंड करून मोठ्यानं म्हणाले, "मशीनवर नागसेन राहीन. हिचा पोरगा. तुमच्याकडं तोच घेऊन येईन."

सिंधूताई उठली. पोतं झटकलं, खांद्यावर टाकलं. बांध उजव्या हाताला होता, चार पावलांवर. ती तिकडे वळली नाही. मशीनकडे पाठ करून ओळीतूनच सरळ चालायला लागली. तिला पुढं सरकलेलं पाहून मशीनही हललं आणि बारीक पाणी उडवत तिच्या मागोमाग निघालं. ती सोलवटलेलं कोपर बघायला थांबली, तसं ते थांबलं. ती चालायला लागली, तसं तेही चालायला लागलं. भगवानराव आधीच घाईनं शेजारच्या ओळीत झाले होते आणि तिथूनच बघत राहिले. वावर लांब होतं. सिंधूताईनं एकदाही मागे वळून पाहिलं नाही, आणि पलीकडच्या धुऱ्यापर्यंत, वावराच्या शेवटापर्यंत, ती आपल्या चालीनंच गेली.